बिब्ब्याच्या ओळीखाली

टीव्हीवर लिव्हर दिसायला हवं होतं. आधी थोडी पिवळी चरबी, मग तांबूस लिव्हर, आणि त्याच्या कडेखालून डोकावणारं हिरवट पित्ताशय. ही चित्रं मला पाठ होती. त्या सकाळी टीव्हीवर आल्या त्या गुलाबी, ओल्या, मऊ घड्या. एकीला लागून दुसरी. मी पोटात घातलेली दुर्बीण जरा मागे घेतली. तेच. थोडी फिरवली. पुन्हा तेच.

"सर, हे काय आहे?" आल्हाट सिस्टरनी विचारलं.

काय आहे ते मला कळलं होतं. आम्ही पोटाच्या पोकळीत नव्हतोच. आम्ही थेट आतड्याच्या आत होतो.

"मॅडम, पोट उघडावं लागेल," मी म्हटलं. भूल देणाऱ्या मॅडमनी मॉनिटरवरून नजर न काढता विचारलं, "किती वेळ धरू?" मी म्हटलं, "माहीत नाही." ऑपरेशन टेबलावर हे उत्तर देणारा सर्जन मला कधीच आवडला नाही. त्या दिवशी तो मीच होतो.

नव्वदच्या दशकाचा मध्य असेल. नगरला माझं छोटं हॉस्पिटल होतं. पंधरा-सोळा वर्षं मी पोटं उघडत आलो होतो आणि त्यात माझा हात बरा समजला जायचा. मग दुर्बिणीचं तंत्र आलं. पुण्याला जाऊन शिकलो, मशीन आणलं, दारावर पाटी लावली. पाटी काय लावली, मी स्वतःच चालतीबोलती पाटी झालो होतो. जो येईल त्याला सांगायचो, "चार छोटी भोकं, तिसऱ्या दिवशी घरी." हात शिवशिवत होते. नवं औत आणलेल्या माणसाला वाफसा येईपर्यंत धीर धरवत नाही, तसं माझं झालं होतं.

हे तंत्र थोडक्यात सांगतो. पोट म्हणजे आत मिटलेली पिशवी. तिच्यात दुर्बीण फिरायला जागा लागते. म्हणून नाभीपाशी एक सुई घालून आत गॅस भरायचा. पोट फुगलं की त्याच जागेतून ट्रोकार घालायचा. ट्रोकार म्हणजे बोटाएवढी जाड, टोकदार नळी. तिच्यातून दुर्बीण आत जाते. गंमत अशी, की ही पहिली सुई आणि हा पहिला ट्रोकार आंधळेपणानं घालावा लागतो. दुर्बीण आत गेल्यावर दिसणार, आणि आत जाईपर्यंत काही दिसत नाही. आतडी मोकळी असली तर गॅसमुळे खाली सरकतात आणि नळीला वाट देतात.

मोकळी असली तर. सगळं या तीन शब्दांवर असतं.

ज्याचं पोट आधी कधी उघडलंय, त्याची आतडी मोकळी असतीलच असं नाही. बाहेरचा टाका दहा दिवसांत भरतो, पांढरी रेघ राहते, माणूस विसरून जातो. आत मात्र पोटाचं अस्तर भरताना शेजारचं जे मिळेल त्याला धरून ठेवतं. ओले पापड एकावर एक पडले आणि तसेच वाळले, की सोडवताना फाटतात. तसंच हे. आम्ही याला ॲडहिजन म्हणतो. बाहेरून बघून, पोट दाबून, सोनोग्राफी करूनही तेव्हा ते खात्रीनं कळत नसे. कळायचा एकच स्वस्त मार्ग होता, तो म्हणजे पेशंटला विचारणं. आणि मी विचारलं होतं.

पण कसं विचारलं होतं, ते सांगतो.

सुमन सोनईची सून. बत्तीस वर्षांची असेल. पित्ताशयात खडे झालेले. दोन मुलं. नवरा बाळासाहेब साखर कारखान्यात नोकरीला, घरी शेती, चार म्हशी. ओपीडीत बाळासाहेब एका खुर्चीत बसले, सासू दुसऱ्या खुर्चीत. सुमन मागे उभी, डोक्यावर पदर. आमच्याकडे सुनेच्या दुखण्याची हकिगत सासरची माणसं सांगतात. कुठं दुखतं, किती दिवस दुखतं, काय खाल्लं की उलटी होते, सगळं सासू सांगणार. आणि मीही कागदावर डोकं घालून खुर्च्यांनाच विचारायचो.

"आधी काही ऑपरेशन?"

"फ्यामिली प्लॅनिंगचं," बाळासाहेब म्हणाले. "क्यांपात केलं. धाकल्याच्या येळंला."

"आणखी काही?"

"न्हाई वो," सासू म्हणाली. "लई खनखनीत पोर हाय आमची. चार म्हशीची धार येकटी काढती. ह्ये खड्याचं दुखनं सोडलं तर कायसुदिक न्हाई."

मी मान वर केली तेव्हा सुमन माझ्याकडे बघत होती. मी पुन्हा लिहायला लागलो.

तपासताना नाभीखाली कॅम्पातल्या ऑपरेशनचा बोटभर टाका दिसला. नाभीच्या उजव्या अंगाला बिब्ब्याचे काळे डाग होते, सात-आठ, वरून खाली. पोटात दुखलं की बिब्बा तापवून त्याचे चटके द्यायचे, ही आपल्याकडची जुनी रीत. दहा पोटं तपासली की दोघा-तिघांच्या पोटावर तेव्हा हे डाग दिसायचेच. मला त्यांचा रागही यायचा आणि हसूही.

"हे कुणी केलं?" मी विचारलं.

"म्हायेरावनं घिऊनच आली की," सासू म्हणाली. "ल्हानपनी प्वाट दुखायचं म्हनं."

"बघा मावशी, एवढा बिब्बा लावला तरी खडे काही जळले नाहीत."

सासू हसली, बाळासाहेब हसले. सुमननं लुगडं सारखं केलं. ऑपरेशनच्या संमतीवर बाळासाहेबांनी सही केली. तेव्हा बायकोच्या ऑपरेशनला नवऱ्याची सही घ्यायची पद्धत होती. बायकोची सही कुणी मागत नसे, मीही मागितली नाही.

ऑपरेशनच्या टेबलावर सुमनला भूल चढली. आल्हाट सिस्टर पोटाला आयोडीन लावत होत्या. नगरच्या जुन्या नर्स, माझ्यापेक्षा जास्त पोटं पाहिलेल्या. लावता लावता त्या थांबल्या.

"सर, हे बिब्बे एका रेषेत कसे? बिब्बा असा ओळीनं देत नाहीत. नाभीच्या भवती देतात."

"देणारीला रांगोळीची हौस असेल," मी म्हटलं.

त्या पुन्हा आयोडीन लावू लागल्या. मी एक गोष्ट तेवढी केली. कॅम्पाचा टाका नाभीखाली होता, म्हणून मी नाभीच्या वरून शिरलो. तेवढ्यानं आपण फार सावध आहोत असं मला वाटलं. सुई घातली. गॅस अडखळत जात होता. ती खूण होती. मी सुई काढली, पुन्हा घातली, या वेळी बरा गेला. मग ट्रोकार. आणि मग त्या गुलाबी घड्या.

पोट उघडलं. नाभीच्या उजवीकडे, बरोबर बिब्ब्याच्या ओळीखाली, लहान आतड्याचे तीन-चार वेढे पोटाच्या भिंतीला घट्ट चिकटलेले होते. ट्रोकार त्यातल्या एका वेढ्याच्या एका भिंतीतून आत शिरला होता, आणि त्याच्या टोकानं दुसरीलाही भोक पाडलं होतं. आतडी सोडवताना भिंतीत काहीतरी काळं दिसलं. चिमट्यानं ओढलं. काळ्या रेशमी धाग्याची गाठ होती. हा टाक्याचा धागा. अशी गाठ आपोआप उगवत नाही, ती सर्जनच्या हातची असते. कुणीतरी फार पूर्वी हे पोट इथूनच उघडलं होतं, आणि वरचा व्रण डाग देऊन झाकला होता.

सिस्टरनी गाठ पाहिली. "मी म्हटलं होतं," असं त्या म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं.

अडीच तास गेले. दोन भोकं शिवली. चिकटलेलं सोडवताना आणखी एका ठिकाणी फाटलं, तेही शिवलं. आतड्यातली घाण पोटात सांडली होती, ती धुऊन काढली. अशा घाणीत पित्ताशयाला हात लावणं शक्यच नव्हतं. म्हणजे ज्यासाठी ती आली होती ते खडे जागच्या जागी, आणि पोटावर वीतभर टाका.

आता बाहेर जाऊन सांगायचं होतं. मी कपडे बदलले नाहीत, तसाच गेलो. बाकावर बाळासाहेब आणि सासू. शेजारी सुमनचा भाऊ रामदास, सकाळीच काष्टीहून आलेला. तिघंही उठले.

"पित्ताची पिशवी काढली का, डाक्टर?" सासूनं विचारलं.

"नाही. पोट उघडावं लागलं. आतड्याला इजा झाली होती, ती शिवली."

"इजा?" बाळासाहेब म्हणाले. "कशानं? तुमी तर म्हनला हुता चार भोकं."

इथं मला एक वाक्य बोलायचं होतं. माझ्या हातून झाली. एवढंच. त्याऐवजी माझ्या तोंडून निघालं ते असं:

"तिचं लहानपणी पोटाचं मोठं ऑपरेशन झालेलं आहे. तुम्ही ते माझ्यापासून लपवलंत. लपवल्यावर असंच होणार."

"कसलं आपरेशन?"

मी आत गेलो आणि गॉजवर ठेवलेली ती काळी गाठ घेऊन आलो. हो, आणली. पुरावा म्हणून दाखवली. वर सांगितलं, की हा टाक्याचा धागा आहे आणि बिब्बा त्याच्यावर मुद्दाम दिलेला आहे. बोलताना माझा आवाज चांगला ठणठणीत होता. आणि खरं सांगायचं तर मला हलकं वाटलं. गुन्हा माझ्या अंगावरून उतरून दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर चालला होता.

बाळासाहेबांनी रामदासकडे पाहिलं. रामदासनं मान खाली घातली.

"बोल की," सासू म्हणाली.

"नऊ वर्साची हुती," रामदास म्हणाला. "जंताचा गोळा होऊन आतडं अडलं हुतं. मिशनच्या दवाखान्यात न्हेली तवा वाचली. पुढं सोयरीक बघाया लागल्यावर आईनं त्याच्यावर बिब्बा दिला. प्वाट फाडलेली पोर कोन करून घेतंय? लेकरं हुतील का न्हाई म्हनत्यात."

"दोन झाली की लेकरं," मी मध्येच म्हटलं. आता मला तिची बाजू घ्यायची होती. उशिरानं का होईना, जाग आली होती.

"म्हंजे फसवून दिली," सासू म्हणाली. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि परत बाकावर बसली. बाळासाहेब जिन्यानं खाली गेले.

सुमन भुलीतून बाहेर आली तेव्हा तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिच्या पोटात काय सापडलं, काय फाटलं, काय राहिलं, हे सोनईला तिच्याआधी कळलं.

पाचव्या दिवशी टाक्यातून हिरवट पाणी यायला लागलं. शिवलेल्या ठिकाणांपैकी एक उसवलं होतं. आतडं आणि कातडी यांच्यामध्ये अशी वाट पडली, की तिला फिस्टुला म्हणतात. आतड्यातला रस कातडी जाळतो. दिवसातून चार-पाच वेळा ड्रेसिंग, भोवती झिंकचं मलम, तोंडानं काही नाही, हाताला सलाईन. आल्हाट सिस्टर स्वतः ड्रेसिंग करायच्या, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत. फिस्टुला कधी आपोआप बंद होतो. कधी माणूस सुकत सुकत जातो. पहिले तीन आठवडे सुमन दुसऱ्या वाटेनं चालली होती. गालाची हाडं वर आली. नाडी हातात सापडेना. मी देवाधर्मातला माणूस नाही, पण राउंडला तिच्या खोलीत शिरण्याआधी मी दाराशी थांबायचो.

बाळासाहेब सुरुवातीला दोनदा येऊन गेले. दोन्ही वेळा दारातूनच. मग आले नाहीत. रामदास खाटेखाली सतरंजी टाकून राहिला.

एकदा ड्रेसिंग चालू असताना तिनं विचारलं, "डाक्टर, पोरं का आनीत न्हाईत? बारकं माझ्याबिगर जेवत न्हाई."

"इथं इन्फेक्शन असतं ना. बरी झालीस की भेटतील."

हेही खोटंच. रामदास खिडकीतून बाहेर बघत होता. दोन दिवसांनी त्यानंच तिला सगळं सांगितलं. त्यानंतर तिनं मला काही विचारणं बंद केलं. दुखतंय का, म्हटलं की मान हलवायची. बस.

सहाव्या आठवड्यात पाणी कमी झालं आणि मग थांबलं. ती वाचली. अशा केसेसमध्ये ही मोठी गोष्ट असते. आम्हा डॉक्टर लोकांच्या हिशोबानं तर मी पास झालो होतो. पेशंट चालत घरी जाणार होता. फक्त कुठल्या घरी, ते ठरायचं होतं.

म्हणून मी सोनईला गेलो. रविवारी दुपारी, स्कूटरवर. वाटेत जे बोलायचं ते जुळवत होतो. बाळासाहेब ओट्यावर बसले होते. त्यांनी पाणी दिलं, चहा सांगितला. रीतीला चुकले नाहीत.

"बाळासाहेब, चूक माझी होती," मी म्हटलं. "नळी मी घातली. गॅस नीट जात नव्हता तेव्हाच मी थांबायला हवं होतं. ते डाग तपासायला हवे होते. तिनं सांगितलं असतं तर बरं झालं असतं, पण भोक तिनं नाही पाडलं."

त्यांनी बशी खाली ठेवली. मग म्हणाले, "डाक्टर, मग तवाच आसं का न्हाई बोललात? समद्या गावाम्होरं आईच्या तोंडातनं 'फसवून दिली' ह्ये गेलंय. आता ते म्या कसं माघारी घिऊ?"

"तुम्ही नवरा आहात तिचे."

"व्हय. पन बारा वर्सं ती माझ्याबरुबर निजली आन् म्या इचारलं तवा म्हनली, ल्हानपनचा बिब्बा हाय." ते उठले. "तुमी काय वंगाळ न्हाई. पन लई उशिरा आलात."

आतून सासूचा आवाज आला, कप उचलून ने म्हणून. सुमनचा थोरला मुलगा कप न्यायला आला. तो माझ्याकडे न बघता आत गेला. मी परत निघालो.

सुमन काष्टीला भावाकडे गेली. धाकट्याला काही महिन्यांनी तिच्याकडे पाठवलं. थोरला सोनईलाच राहिला.

दीड वर्षानं ती पुन्हा माझ्या ओपीडीत आली. खडे तसेच होते, त्यांनी पुन्हा डोकं वर काढलं होतं. मी म्हटलं, "सुमनताई, मी पुण्याची चिठ्ठी देतो. तिथं मोठे सर्जन आहेत."

"न्हाई," ती म्हणाली. "आतलं तुमालाच म्हाईत हाय. तुमीच करा. पन फाडून करा."

या वेळी फासळीखाली मोठा छेद घेतला. प्रत्येक थर डोळ्यांनी बघत आत गेलो, पित्ताशय काढलं. मशीनवर कापड टाकून ठेवलं होतं. संमतीवर तिची सही घेतली. ऑपरेशन झाल्यावर रामदास बाहेर उभा होता, त्याला म्हटलं, "थांब जरा. आधी तिला सांगतो." ती नीट शुद्धीवर येईपर्यंत खाटेपाशी बसलो आणि तिला सगळं सांगितलं. आधीचंही आणि आत्ताचंही.

डिस्चार्जच्या दिवशी मी तिच्या कार्डावर पहिल्या ऑपरेशनची नोंद मराठीत लिहिली. ट्रोकार घालताना सर्जनच्या हातून आतड्याला इजा. खाली सही केली. तिनं मला ते मोठ्यानं वाचायला लावलं. मी वाचलं.

"ह्यो कागूद सोनईला दावला तर चालंल का?" तिनं विचारलं.

रामदासनं माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "अक्के, तिथं आता दुसरी नांदतीया," तो म्हणाला. "तुला ठाव हाय की."

"ठाव हाय," ती म्हणाली. "थोरल्याला तरी दाविन."

तिनं कागदाची घडी केली आणि पिशवीत ठेवली.

त्यानंतर मी वीस वर्षं प्रॅक्टिस केली. दुर्बिणीची ऑपरेशनं पुष्कळ केली. आधी उघडलेल्या पोटात आंधळी सुई पुन्हा घातली नाही, छोटा छेद घेऊन बघून शिरलो. ओपीडीत बाई आली की बरोबरच्यांना बाहेर बसवायचो. ते चिडायचे, चिडू द्यायचो. दार लावून बाईला विचारायचो, आणि जे कळेल ते तिच्या परवानगीशिवाय दाराबाहेर नेत नसे. यात काही मोठं शास्त्र नाही, पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही सांगतात. मला ते शिकायला सोळा वर्षांची प्रॅक्टिस लागली आणि सुमनचा संसार लागला.